गांधीसागर, फुटाळा, नागनदी: पाण्याकाठच्या विकासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात ना समुद्र, ना मोठी नदी. मग ‘वॉटरफ्रंट’ कशाला म्हणायचे?

तळ्यांना आणि नागनदीला. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात गोंड राजा चांद सुलतानाने शहराच्या पाण्यासाठी बांधलेला जुम्मा तलाव म्हणजे आजचा गांधीसागर. जुनी माणसे त्याला शुक्रवारी तलावही म्हणतात. एका अंगाला कॉटन मार्केट, दुसऱ्या अंगाला महाल-गणेशपेठ, समोर रमण विज्ञान केंद्र, हाकेच्या अंतरावर १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलची जागा. शहराच्या पोटातला काठ हवा असेल तर तो हाच. पश्चिमेला फुटाळा आणि १८७० चा अंबाझरी आहे, आणि अंबाझरीच्या सांडव्यापासून भर वस्तीतून पूर्वेकडे जाणारी नागनदी आहे. खालची उत्तरे या तिन्ही प्रकारच्या काठांना धरून आहेत. मात्र तळ्याचा इलाज नदीला चालत नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

कामाची सुरुवात कुठून करायची? दिवे आणि बाके लावली की लोक येतील ना?

येतील, पहिला महिनाभर. मग मे महिन्यात वास सुटला की निघून जातील.

क्रम असा ठेवा: आधी सांडपाणी अडवा, मग पुराची पातळी ठरवा, मग गाळ काढा, मग काठ बांधा, मग वाट आणि सावली, सगळ्यात शेवटी दुकाने आणि रोषणाई. आपल्याकडे बहुतेक सौंदर्यीकरणाची कामे याच्या उलट चालतात, कारण जमिनीखालच्या गडर लाइनचे (सांडपाण्याच्या पाइपाचे) उद्घाटन करता येत नाही. एस्टिमेट हातात आले तर एकच बघा: शंभरपैकी किती रुपये जमिनीखाली चाललेत? आमच्या मते ही रक्कम चाळीसच्या खाली असेल तर तो प्रकल्प रंगरंगोटीचा आहे.

तळ्यात सांडपाणी कुठून येते हे शोधायचे कसे?

यासाठी मोठ्या सल्लागाराची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यातले लागोपाठ तीन कोरडे दिवस निवडा. सकाळी साडेसहा ते नऊ या वेळात तळ्याला मिळणाऱ्या पावसाळी नालीच्या प्रत्येक तोंडाशी जाऊन उभे राहा. आंघोळी आणि धुणीभांडी चालू असण्याची ही वेळ. महिनाभर पाऊस नाही, तरी नाली वाहते आहे. मग ते पाणी पावसाचे नाही. साबणाचा फेस, भाताचे शित, राखाडी रंग, जे दिसेल ते लिहून घ्या. बादली आणि घड्याळ लावून प्रवाह मोजा: १० लिटरची बादली ५ सेकंदांत भरली तर सेकंदाला २ लिटर.

मग उलट दिशेने, एकेक चेंबर उघडत वर जायचे. संशय असलेल्या घराच्या किंवा हॉटेलच्या चेंबरमध्ये रंग टाकायचा आणि तो कुठे निघतो ते पाहायचे. गडर लाइन फुटली आहे की घरजोडणीच चुकून पावसाळी नालीत दिली आहे, हे तिथेच कळते. जुन्या वस्तीत दुसरे कारण जास्त आढळते, आणि त्यावर दंडापेक्षा मनपाने स्वतः जोडणी बदलून देणे स्वस्त पडते.

अंदाजासाठी हिशेब: माणशी दिवसाला १३५ लिटर पाणीपुरवठा धरला, तर त्यातले सुमारे ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होते. १० हजार वस्तीचे झाले रोजचे १० लाख ८० हजार लिटर. नाल्यांच्या तोंडाशी मोजलेली बेरीज याच्याशी ताडून पाहा. बरीच कमी भरली तर बाकीचे पाणी कुठे जाते, हा पुढचा प्रश्न.

इंटरसेप्टर लाइन टाकली तरी नाला पुन्हा तळ्यात का येतो?

इंटरसेप्टर म्हणजे काठाला समांतर टाकलेली गडर लाइन. नाल्याच्या तोंडाशी बुटका बांध घालून कोरड्या दिवसातला प्रवाह तिच्यात वळवतात. जोराचा पाऊस आला की जादा पाणी बांधावरून तळ्यात जाते. साधारणपणे कोरड्या दिवसातल्या प्रवाहाच्या तिप्पट पाणी लाइनने घ्यावे, असे डिझाइन करतात.

ती बंद पडण्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले, बांधापुढे जाळी नसते किंवा असली तर रोज साफ होत नाही. गुटख्याच्या पुड्या, नारळाच्या शेंड्या, निर्माल्याच्या पिशव्या तोंडाशी अडकल्या की कोरड्या दिवशीही पाणी बांधावरून उडी मारते. दुसरे, उतार. लाइनीत पाण्याचा वेग रोज निदान एकदा सेकंदाला ०.६ मीटरपर्यंत गेला पाहिजे. नाहीतर रेती खाली बसते आणि पाइप अर्ध्यावर भरतो. तिसरे, पंप. काठ सखल असल्याने शेवटी पाणी उचलावे लागते आणि वीज गेली की सगळे तळ्यात. पंपघराला राखीव पंप, जनरेटर आणि त्याच्या डिझेलाची स्वतंत्र तरतूद नसेल तर लाइन टाकूच नका असे आम्ही म्हणणार नाही, पण टेंडर थांबवा म्हणू.

जाळीचे गज ४० ते ५० मिलिमीटर अंतराने, तिच्यापुढे गाळ बसायला छोटे कुंड, आणि तिथपर्यंत सक्शन गाडी पोचेल असा रस्ता. हा रस्ता बहुतेक आराखड्यांत नसतोच. काठ सुंदर करताना गाडीचा मार्ग बाकांनी अडवला की सफाई थांबलीच म्हणून समजा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला चेंबरमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे यंत्र पोचलेच पाहिजे.

सगळे सांडपाणी अडवले तर नागनदीत पाणी राहील का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो.

उत्तर: उन्हाळ्यात जवळजवळ राहणार नाही. नागनदी आज बारमाही दिसते ती आपल्याच सांडपाण्यामुळे. ते पाणी पुढे कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. त्यासाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून १,९२५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा नागनदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्प आखला गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. पण प्रदूषण थांबणे आणि नदी वाहती राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अडचण भूगोलाची आहे. भांडेवाडीची मोठी शुद्धीकरण केंद्रे शहराच्या पूर्व टोकाला, म्हणजे उताराच्या शेवटी आहेत. तिथे शुद्ध झालेले पाणी आपोआप मध्य शहरातल्या बर्डीतून (सीताबर्डी) वाहणार नाही, आणि त्यातला मोठा वाटा कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातो. मध्य शहरात नदी वाहती हवी असेल तर पश्चिमेकडे, वरच्या भागात छोटी केंद्रे बांधून शुद्ध पाणी तिथेच पात्रात सोडावे लागेल. दिवसाला ५० लाख लिटर सोडले तर प्रवाह सेकंदाला ५८ लिटर होतो. रुंद काँक्रीटच्या तळावर तो पसरून ओलसर डाग दिसेल. पण पात्राच्या मधोमध दीड मीटर रुंदीची खोलगट वाट ठेवली तर तोच प्रवाह झरा वाटतो. पात्राला सपाट काँक्रीटचा तळ करू नये, याचे हेही एक कारण.

तळ्यातला गाळ काढायलाच हवा का? किती?

आधी मोजा. १० मीटरच्या चौकटीत दोरी-बांबूने पाण्याची आणि गाळाची खोली घ्यायची. सरसकट ‘दोन मीटर खोदा’ असे टेंडर निघाले की दोन धोके असतात: तळाचा जुना चिकण थर फुटून तळे गळायला लागते, आणि दगडी भिंतीच्या पायथ्याची माती निघून भिंत झुकते. भिंतीपासून निदान ५ मीटर पट्ट्याला यंत्र लावू नये. गांधीसागरासारख्या जुन्या दगडी काठाला तर आधी पाया किती खोल आहे ते खड्डा घेऊन बघितल्याशिवाय पोकलेन आणूच नये.

वाहतुकीचा हिशेब लोक विसरतात. १ हेक्टरवरचा अर्धा मीटर गाळ म्हणजे ५,००० घनमीटर. १२ घनमीटरच्या हायवाने (डंपर ट्रकने) जवळपास सव्वाचारशे फेऱ्या. कॉटन मार्केटच्या बाजूने हे दिवसा शक्य नाही. गाळ ओला नेला तर रस्ताभर सांडतो, म्हणून काठावर आठ-दहा दिवस सुकवायला जागा लागते. शेतात टाकायचा असेल तर आधी जड धातूंची तपासणी करा. शहरी तळ्याचा गाळ गावतळ्याच्या गाळासारखा नसतो. काम जानेवारीत सुरू होऊन मेअखेर संपले पाहिजे. मार्चमध्ये वर्कऑर्डर निघाली तर पुढच्या वर्षीच करा.

उन्हाळ्यात पातळी उतरते. टँकरने भरता येईल?

नाही. मे महिन्यात नागपुरात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर १ हेक्टरमागे रोज ८० हजार लिटर उडतात. फुटाळा सुमारे ६० एकरांचा, म्हणजे २४ हेक्टर: रोजचे १९ लाख लिटर. १० हजार लिटरचे १९० टँकर झाले, तेही फक्त पातळी टिकवायला.

शुद्ध केलेले सांडपाणी वापरता येते, पण फक्त दुय्यम शुद्धीकरणावर समाधान मानू नका. त्यात फॉस्फरस राहतो आणि तळ्याचा हिरवा रस्सा होतो, पाठोपाठ जलपर्णी. पाणी आधी वाळा, कर्दळ, पाणकणीस लावलेल्या उथळ पाणथळ पट्ट्यातून सोडायचे. या झाडांची कापणी वर्षातून दोनदा झाली नाही तर ती कुजून शोषलेले सगळे पाण्यात परत देतात. कापणीचे पैसे कोणत्या हेडमधून जाणार, हे आधी ठरवा.

काठाला उभी संरक्षक भिंत बरी की पायऱ्या?

जागा असेल तिथे उतार, लोक जमतात तिथे पायऱ्या, आणि रस्ता अगदी लगत असेल तिथेच भिंत.

नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उभ्या काँक्रीट भिंतीमागे तीच माती भरली की भिंत दोन-तीन पावसाळ्यांत बाहेर झुकते. ठेकेदार खोदलेली माती तिथेच परत लोटतो, कारण ती फुकट असते. भिंतीमागे निदान अर्धा मीटर बोल्डर-गिट्टीचा निचरा थर, त्यामागे मुरूम, आणि दर दीड मीटरवर पाणी निघायला भोके हवीत. तळ्याची पातळी झपाट्याने उतरते तेव्हा भिंतीमागे अडकलेले पाणीच तिला ढकलते. भोके प्लास्टरने बुजलेली आहेत का, हे काम चालू असतानाच बघा. नंतर कोणी बघत नाही.

पायऱ्यांची उंची १५ सेंटिमीटर आणि पाऊल ठेवायला ३० ते ४५ सेंटिमीटर रुंदी. पाण्याच्या पातळीजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ येणारच, म्हणून तिथे छिन्नीने टाचलेला खडबडीत दगड लावा, पॉलिश फरशी नको. शेवटच्या पायरीपुढे लगेच खोल पाणी नको. दोन मीटर रुंद, गुडघाभर पाण्याचा टप्पा ठेवा. दर ५० मीटरवर दोरीसह तरंगते कडे टांगलेले असावे. ते चोरीला जाते, ही तक्रार खरी आहे. तरी पुन्हा टांगावे.

काठ उंच आणि रुंद केला तर पूर येणार नाही ना?

उलट होऊ शकते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. सांडव्यापुढच्या बांधकामाचा प्रश्न त्यानंतर उच्च न्यायालयात गेला.

हिशेब करून बघा. १ चौरस किलोमीटर डांबर-सिमेंटच्या भागावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि ७० टक्के वाहून आला, तर ७ कोटी लिटर. चार तासांत तो निघाला तर सेकंदाला जवळपास ५ हजार लिटर, तेही फक्त एका चौरस किलोमीटरचे. पात्रात दोन्ही बाजूंनी दोन-दोन मीटर वाट काढायला भराव घातला, तर १६ मीटरच्या पात्राची रुंदी १२ होते. पाण्याला जागा लागते आणि ती आपण दिली नाही तर ते स्वतः घेते, मग ते कुणाचे तळघर का असेना.

महाराष्ट्रात निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. दोन रेषांच्या मधला पट्टा नियंत्रित. नदीकाठची वाट निळ्या रेषेच्या आत घ्यायचीच असेल तर ती बुडणारी वाट म्हणून बांधा: दगडाची, विजेच्या जोडणीशिवाय, पाणी ओसरल्यावर पाइप लावून धुता येईल अशी. दिव्यांची पॅनेले लाल रेषेच्या वर. कठडे पाण्याच्या दिशेला आडवे असतील तर कचरा अडून बांध तयार होतो, म्हणून काढता येणारे ठेवा.

फुटाळा पाणथळ नाही असा निकाल लागला. म्हणजे आता काहीही बांधता येईल?

नाही. ७ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फुटाळा मानवनिर्मित असल्याने तो २०१७ च्या पाणथळ नियमांतल्या व्याख्येत बसत नाही, हे उच्च न्यायालयाचे मत कायम ठेवले. त्या व्याख्येतून नदीपात्रे आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा मनोरंजनासाठी बांधलेली तळी वगळलेली आहेत. पण त्याच निकालात सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू असल्याचे म्हटले आहे. म्हणजे सरकार तळ्याचे मालक नसून राखणदार. शिवाय प्रदूषण, वृक्ष, वारसा आणि नगररचनेचे कायदे आपापल्या जागी आहेतच.

जागा कोणाची हे कसे कळेल?

नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, आणि ती विकास आराखड्याच्या नकाशावर ठेवून बघा. तळे एकाचे, पाळ (बांध) दुसऱ्याची, लगतचा रस्ता तिसऱ्याचा असे असू शकते. मनपा, १९३६ च्या कायद्याने आलेले नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), महामेट्रो, सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा विभाग यांतल्या ज्याचा तुकडा मध्ये येतो त्याची लेखी संमती टेंडरच्या आधी हवी. नंतर मागितली तर काम त्या तुकड्याशी येऊन थांबते आणि तिथे कायमचा पत्रा लागतो. आरक्षण बदलायचे असेल तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. तो महिना हातचा घालवू नका.

चालण्याची वाट किती रुंद, आणि कशाची?

मोकळी ३ मीटर किमान, ४ असेल तर उत्तम. मोकळी म्हणजे बाक, खांब आणि कचरापेटी सोडून. उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नको, नाहीतर चाकाच्या खुर्चीवरचा माणूस एकटा चढू शकत नाही. कठडा १.१ मीटर उंच, गज उभे आणि त्यांतले अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी. आडव्या गजांवर मुले शिडीसारखी चढतात.

गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवायचे तर काळी माती निदान ६० सेंटिमीटर काढून मुरूम भरा, १५-२० सेंटिमीटरच्या थरांत रोलर फिरवा, त्यावर गिट्टीचा थर, मग ३-४ सेंटिमीटर वाळू, मग ६० मिलिमीटरचे गट्टू. गाडी जाणार असेल तिथे ८० मिलिमीटर. कडेला काँक्रीटची किनार पक्की हवी. गट्टू खचण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण हेच: किनार हलते, फटीतून वाळू वाहून जाते आणि पहिल्या पावसात वाटेला लाटा येतात.

सावलीचे काय?

नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे सावली नसलेला काठ एप्रिल ते जून फक्त रात्री चालतो. स्टीलची बाके चार वाजता बसण्यासारखी नसतात. दगड किंवा लाकूड वापरा. अर्जुन, जांभूळ, करंज ओलाव्याजवळ. कडुनिंब वरच्या अंगाला. अंतर ७-८ मीटर, खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल, बुंध्याभोवती दीड मीटर जागा गट्टूविना. कोनोकार्पस नको. जुनी झाडे तोडायची वेळ आली तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ५० वर्षांपुढचे झाड २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष ठरते. आराखडा झाडाभोवतून वळवणे सोपे असते.

रंगीत कारंज्याने पाणी स्वच्छ होते का?

वरचा थर थोडा हलतो, एवढेच. गाळाळ पाण्यात नोझल बुजतात. ऑक्सिजन हवा असेल तर तळाशी हवा सोडणारी यंत्रे लावा.

सध्याच्या ठेलेवाल्यांचे काय होणार?

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण, मग नगर पथविक्रेता समितीचा निर्णय. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतले असतात. स्थलांतरापूर्वी ३० दिवसांची नोटीस. हा कायद्याचा भाग झाला.

व्यवहाराचा भाग असा: काठाला गर्दी आणतो तो तर्रीपोहेवाला आणि भुट्टेवाला, दगडी कमान नव्हे. त्यांना उठवून पक्के कियॉस्क बांधले आणि सर्वाधिक बोलीवर लिलाव केला, की बोली जिंकणारा ते पोटभाड्याने देतो, वीस रुपयांचा चहा चाळीसला जातो आणि संध्याकाळी डबा घेऊन येणारी कुटुंबे येईनाशी होतात. निम्म्या जागा तरी जुन्या विक्रेत्यांना ठरावीक मासिक शुल्कावर द्या, पोटभाड्याला बंदी घाला आणि उरलेल्या जागांच्या लिलावातून पैसा वसूल करा.

प्रत्येक ओट्याला नळ, गडर जोडणी आणि तेल अडवणारे कुंड द्या. सावजी रश्शाचे तेल थंड झाले की पाइपात मेणासारखे बसते. दहा ठेल्यांना मिळून हजार लिटरचे दोन कप्प्यांचे कुंड पुरते, पण दर आठवड्याला वरची साय काढली तरच. नाहीतर इंटरसेप्टर बंद, आणि आपण पुन्हा वरच्या प्रश्नावर येतो.

यातून शहराला खरोखर पैसा मिळतो का?

थेट उत्पन्न (पार्किंग, ओटे, जाहिरात, कार्यक्रमांचे भाडे) देखभाल भागवू शकते. बांधकामाचा खर्च त्यातून निघेल असे कोणी सांगत असेल तर त्याचे गणित मागून घ्या. मोठा फायदा आजूबाजूला होतो: दुकानांचे भाडे वाढते, पडक्या इमारती उभ्या राहतात, मालमत्ता कर वाढतो. तो कर काठाच्या देखभालीला बांधून ठेवला नाही तर सर्वसाधारण खात्यात विरघळतो. आणि भाडे वाढले की जुना भाडेकरूच निघून जातो, हाही त्याच वाढीचा भाग आहे.

देखभालीसाठी दरवर्षी भांडवली खर्चाच्या ५ ते ८ टक्के धरा. बांधणाऱ्यालाच पाच वर्षांची देखभाल द्या आणि बिलाचा काही भाग पाण्याच्या दर्जाशी जोडा. नुसत्या झाडलोटीशी जोडलेले कंत्राट झाडलोटच देते.

साबरमतीसारखे करता येईल?

अहमदाबादेत दोन्ही काठांना मिळून पहिल्या टप्प्यात सुमारे २३ किलोमीटर काम झाले, पात्राची रुंदी एकसारखी २६३ मीटर केली गेली आणि पाणी येते नर्मदेच्या कालव्यातून. नागनदीला ना तेवढी रुंदी, ना तसा कालवा. तिथून घ्यायचे ते काठालगतच्या गडर लाइनचे काम आणि स्वतंत्र कंपनीची शिस्त. घ्यायचे नाही ते पुनर्वसन: हजारो कुटुंबे शहराच्या कडेला गेली आणि रोजगार मध्येच राहिला. इथे झोपडी हलवायचीच असेल तर त्याच प्रभागात किंवा लगतच्या प्रभागात.

विसर्जन आणि छठपूजा बंद होणार का?

विसर्जन कृत्रिम टाक्यांतच. तळ्यालगत त्यांसाठी पक्की, सपाट जागा, पाण्याची जोडणी आणि गाडी वळायला जागा आराखड्यातच ठेवा. दरवर्षी गट्टू उखडून खड्डा करणे थांबेल. छठसाठी रुंद पायऱ्या आणि गुडघाभर पाण्याचा टप्पा लागतो. तो वर सांगितलाच आहे.

पार्किंग?

काठावर नको. गांधीसागरापासून कॉटन मार्केट मेट्रो स्टेशन जवळ आहे. मधल्या रस्त्याचा फुटपाथ आणि दिवाबत्ती सुधारणे पार्किंग प्लाझापेक्षा स्वस्त.

आम्ही नागरिक काय तपासू शकतो?

माहिती अधिकारात १० रुपये भरून तीन कागद मागा: मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, मुरूम दाबल्याच्या चाचणीचे अहवाल, आणि पाण्याचे मासिक नमुने. ३० दिवसांत उत्तर आले पाहिजे. नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. ‘सर्व माहिती द्या’ असे लिहू नका, हमखास नकार येतो. कामाचे नाव, वर्ष आणि कागदाचे नाव लिहा.

पाण्यात उतरून खेळता येईल का?

नौकाविहार होईल. आंघोळीयोग्य पाण्याचे निकष असे: जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेला ऑक्सिजन निदान ५, आणि मैलाजन्य जिवाणू १०० मिलिलिटरला जास्तीत जास्त २,५००. हे आकडे सलग वर्षभर, पावसाळ्यासह, मिळेपर्यंत मुलांना उतरवू नका.

पहिल्या पावसानंतर मासे मरून वर येतात. कोणी विष टाकले?

बहुतेक वेळा नाही. उन्हाळाभर नालीत साचलेली घाण पहिल्या सरीने एकदम येते, तिला कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात, आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून मासे सकाळी दिसतात. कळले की लगेच, सूर्य वर येण्याआधी, काठापासून हातभर आतले पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून घ्या आणि बुडबुडा राहू न देता पाण्याखालीच झाकण लावा. वेळ आणि जागा बाटलीवर लिहा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि झोन कार्यालयाला कळवा. मेलेले मासे त्याच दिवशी काढून घ्यायला सांगा; कुजले की उरलेला ऑक्सिजनही जातो आणि दुसऱ्या दिवशी आणखी मासे वर येतात.